टमरेल घेऊन धावायचो ते दिवस

आधी मावशीचं सांगतो. पोहरादेवीकडच्या मालेगावच्या बौद्धपुऱ्यात जिची ओसरी मी भाड्याने घेतली होती, ती. तिने हात दिला नसता तर मी केव्हाच परत गेलो असतो, किंवा त्याहून वाईट.

सातवीनंतर शाळा सुटली आणि दुष्काळाने आमच्या नगरकडे काही ठेवलं नाही, म्हणून मी इतक्या लांब जिनिंगमध्ये कामाला आलो. घरी आई आणि दोन बहिणी, सगळ्या माझ्या पगारावर. कापसाचे बारीक तंतू दिवसभर हवेत तरंगत. थुंकलं तरी तेच. दुसऱ्या हंगामात छाती भरून यायला लागली. बोजा उचलताना थांबावं लागे, आणि मुकादम बघत असे. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, रोज सकाळी मोकळ्या हवेत पळ. नाही जमलं तर हे काम सोड. काम सोडून खायचं काय, हे मी त्यांना विचारलं नाही.

पहिल्या दिवशी उजाडताच गल्लीतून जीव तोडून पळत सुटलो. पळायचं म्हणजे तसंच, अशी माझी समजूत. दोन-चार घरं ओलांडली नाहीत तोच एका म्हातारीने दारात बसकण मारून गळा काढला. तिची लेक पोहरादेवीकडे दिलेली, बाळंतपणाला टेकलेली. भल्या सकाळी पळत येणारा माणूस त्या भागात एकच निरोप आणतो, कोणीतरी गेल्याचा. आमच्याकडे वस्त्या विखुरलेल्या. पळणाऱ्याकडे बघायला कोण असायचं? माणसं गोळा झाली. कोण गेलं, कोण गेलं, सगळे विचारताहेत आणि मला धापेने बोलता येईना. तोवर रडणं शेजारच्या घरांतही पोचलं. मी उगाच पळतोय हे कळल्यावर एक जण म्हणाला, "जिनात आंग दुखत नाई काय तुयं, घरी येऊन धावून राह्यला?" सगळे हसले. म्हातारी हसली नाही. दिवसभर तिचा चेहरा डोळ्यांसमोरून हलेना. ठरवलं, आता पुरे.

मावशीच्या कानावर सगळं गेलंच होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे तिने एक गंजकं टमरेल माझ्या हातात दिलं.

"हे धर. हातात टमरेल असलं का कितीबी धाव, कोनी पुसत नाई."

फार दिवसांनी मला हसू आलं. आणि खरंच, कोणी विचारलं नाही. उलट लोक बाजूला होऊन वाट देत.

पण गावाबाहेर तुरीच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, मी पुन्हा जीव तोडून पळालो आणि तिथेच ओकलो. मागून मावशी कापूस वेचायला येत होती. माझ्या पाठीवर हात फिरवून म्हणाली, "पहिले माह्या चालीले गाठ बापा, मंग धावजो."

तिची चाल गाठणंही सोपं नव्हतं. मी मागे पडलो की बरोबरच्या बाया तिला म्हणत, मावशी, तुमचं वासरू मांगं राह्यलं वो. शेतावरची कुत्री माझ्या अंगावर येत. तिने एक शब्द टाकला की बसत. तिच्या बरोबरीने बोलत चालता यायला लागलं तेव्हा तिने पुढच्या बाभळीपर्यंत धावायची परवानगी दिली. तिथे थांबायचं, ती आली की पुन्हा चालायचं. काही पहाटे छातीवर दगड असल्यासारखा मी पडून राही. वाटे, धावताना पडलो तर घरी कोण कळवणार? ती रागावत नसे. टमरेल उशाशी आणून ठेवी आणि दारात उभी राही.

हंगामाच्या शेवटी मुकादमाने पुढच्या हंगामासाठी माणसं निवडली. बोजा पाठीवर घेऊन उतारावरून वर चढायचं. मी न थांबता चढलो. तो पुढच्याकडे वळला. माझं काम टिकलं. पण माझ्यामागचा माणूस अर्ध्यावर खोकत बसला, आणि त्याचं बिऱ्हाड आमच्याच गल्लीत होतं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आता दुसऱ्या गावी आहे. अजून धावतो; थंडीत छाती शिट्टी वाजवते. मावशीचे गुडघे गेल्याचं ऐकतो. विहिरीपर्यंत जाताना दोनदा बसते म्हणे. एक अख्खा उन्हाळा तिच्याकडे जाऊन राहणार आहे, तिच्या घरचं पाणी भरायला. ती नको म्हणेल. तरी भरणार.