शिळं की निवळलेलं

लग्नानंतर सून पहिल्यांदा स्वयंपाकघरात शिरली, तेव्हा नळाला ताजं पाणी आलं होतं. माहेरच्या शिरस्त्याप्रमाणे तिने कालची कळशी मोरीत उपडी केली. त्यासरशी ओटीवरून अशी आरोळी आली, की शेजाऱ्यांना वाटलं म्हातारा गेला. समोरचे तर चेहरे पाडून दारापर्यंत आलेसुद्धा. म्हातारा मोरीपाशी उकिडवा बसून, घरातलं कर्तंसवरतं माणूस वाहून गेल्यासारखा बघत होता. सासऱ्याची आणि सुनेची ही पहिली भेट.

“शिळं होतं, बाबा,” ती चाचरत म्हणाली.

सासरे पाणीखात्यात चावीवाले. रस्त्यातलं लोखंडी झाकण उघडायचं, चावी फिरवायची आणि एकेका गल्लीला पाणी सोडायचं. ती लांबलचक चावी खांद्यावर टाकून निघाले की थेट सेनापती वाटत; फक्त सैन्य नव्हतं आणि विजार आखूड होती.

शहर वाढतवाढत टेकडीवर चढलं, पाणी काही चढेना. टेकडीच्या टोकाला त्यांची थोरली बहीण राहायची. तिच्या नळाला नुसती हवा यायची. चावी जरा जास्त वेळ उघडी ठेवली असती, तर कोण विचारणार होतं? पण हा गडी वेळेवर चावी बंद करी, खालून खांद्यावर घागर नेऊन बहिणीकडे ओती आणि तिच्या शिव्या खाऊन परत येई.

खालच्या गल्ल्यांनी कालचं पाणी ओतणं थांबवलं तर वर धार पोचेल, हे सांगत ते दारोदार भांडले. “धरणातलं तरी कुठे रोज ताजं असतं?” ते विचारत. लोक मनमुराद हसले आणि ओतत राहिले.

तोड सुनेने काढली. “बाबा, शिळं म्हटलं की हात आपोआप मोरीकडे जातो. निवळलेलं म्हणा.”

म्हातारा दुसऱ्याच दिवशी कामाला लागला. ज्याच्या त्याच्या दारात थांबून प्यायला निवळलेलं पाणी मागायचा. ताजं पुढे केलं की नाक मुरडायचा. हळूहळू बायकाच तोऱ्यात सांगू लागल्या, “आमच्याकडे बाई निवळलेलंच पितात.” मग भांडी लवकर भरू लागली, नळ लवकर बंद होऊ लागले. ऐन उन्हाळ्यात एका सकाळी बहिणीच्या नळाने आधी यथेच्छ खोकून घेतलं आणि मग धार धरली. त्या दिवशी तिला भावाला द्यायला शिवी सुचली नाही.

टेकडीवर पाणी चढतं, ही बातमी सगळीकडे पसरली. वर्षभरात तिच्या घराला लागून सात मजली इमारत उभी राहिली. बहिणीकडे आता टँकर येतो.