पदर घ्यायची जागा

भावजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या घरी गच्चीवर पापड उलटत होते. नांदेडहून जाऊ बोलत होती. "ताई, हे गेले," एवढंच म्हणाली आणि रडू लागली. मी उरलेले पापड उलटूनच खाली आले. मन थांबलं तरी हात आपलं काम सोडत नाहीत, हे मला भावजींनीच दाखवलं होतं...

दिगंबर, माझे धाकटे दीर. नांदेडच्या एका कॉलेजात भूगोल शिकवायचे आणि संगणकावर नकाशे करायचे. त्यांना एकच खूळ होतं. नकाशात गावाचा ठिपका असतो, हद्द असते. पण माणसं ज्याला गाव म्हणतात ते नेमकं कुठून लागतं, हे संगणकाला कसं सांगायचं? मुखेड तालुक्यातलं आमचं गाव धरणात जाणार हे पक्कं झालं, तेव्हा या खुळापायी त्यांचं अन्नपाणी सुटलं. पाणी चढायच्या आत ते गाव, जसं माणसांना वाटतं तसं, त्यांना नकाशात आणायचं होतं.

युक्ती सुचली ती माझ्यावरून. मी शाळेत शिकवणारी बाई, लातुरात कधी डोक्यावर पदर घेतला नाही, त्या पदराचा मला मनस्वी राग. तरी सासरी जाताना बसमध्ये चिंचेच्या झाडापाशी माझा हात उठायचाच. एकदा शेजारी बसलेल्या भावजींनी ते पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, तुमचं गाव इथं लागलं बघा." मला राग आला, पण त्यांचं डोकं चालू झालं होतं. मग गावातल्या एकेका बाईला सोबत घेऊन ते मुखेडहून बसनं यायचे आणि पदर कुठं हलला ते फोनवर टिपायचे. सुनांचा डोक्यावर जायचा, माहेरी येणाऱ्या लेकींचा खांद्यावर उतरायचा. कुणाचं गाव ओढ्यापासून, कुणाचं थेट मारुतीच्या पारापासून. आमच्या चुलत सासूबाईंनी तर ओसाड माळावरच पदर ओढला. का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "हितून गावची कुत्री वळखतेत की रं मला."

हे सगळं नकाशावर मांडलं तेव्हा त्याची रेष झाली नाही. फरशीवर पाणी सांडावं तसा, कडेला विरत जाणारा डाग झाला. भावजी हरखून गेले होते. पण त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध तपासणाऱ्यांना डाग नको होता, हद्द हवी होती. बरीच वर्षं भांडले, मग दमले. तोवर गाव उठलं, पाणी चढलं. शेवटी त्यांनी सगळ्यांची सरासरी काढून एक रेष ओढून दिली. प्रबंध मान्य झाला. पेढे घेऊन लातूरला आले आणि पुडा माझ्या हातात देताना म्हणाले, "वहिनी, त्या रेषेवर एकही बाई पदर घेत नव्हती."

तरी एकदा त्यांनी पुन्हा करून पाहिलं. नव्या वसाहतीत राहायला गेलेल्या चुलत सासूबाईंना मुखेडहून जीपनं घेऊन निघाले. सरळ रस्ते, सारखी घरं. म्हातारीचा पदर काही हलेना. जीप तिच्याच दारापुढं उभी राहिली, तेव्हा तिनं विचारलं, "आलं का रं गाव?" त्यानंतर भावजींनी नकाशा केला नाही. शिकवत राहिले, पण त्यात ते नव्हते, हे घरात सगळ्यांना दिसत होतं आणि कुणाच्या हातात काही नव्हतं.

त्यांच्या चौदाव्याला वसाहतीत जायचं होतं. मुखेड मागं पडलं. गावाकडचा जुना रस्ता जिथं फुटतो आणि आता थोड्याच अंतरावर पाण्यात संपतो, तिथं माझा हात उठला. पदर डोक्यावर आला. मी शेजारी वळले... बाजूला माझी सून मोबाईलवर नकाशा बघत बसली होती. म्हणाली, "आई, अजून पुढं दाखवायलंय."

चिंच पाण्याखाली आहे. माझ्यानंतर इथं कुणाचा हात उठायचा नाही, आणि माझा उठला हे टिपणाराही आता नाही. मी पदर खाली घेतला. थोड्या वेळानं सून म्हणाली, आलं. मी उतरले.