पाहुण्याचं नवं पान

गल्लीत त्यांना सगळे कडककाका म्हणायचे. स्वभावावरून नव्हे, स्वभावाने माणूस लोण्याचा गोळा. नाव पडलं ते कपड्यांवरून. स्वतःच्या पँटच्या इस्त्रीला अशी धार, की तिच्यावर काकडी चिरून घ्यावी. खुर्चीवर बसतानासुद्धा आधी गुडघ्यावरचं कापड चिमटीने वर उचलणार, मग टेकणार. बोलणं मात्र जेवढ्यास तेवढं. गिऱ्हाइकाने 'कसं काय?' विचारलं की 'ठीक', आणि 'कपडे कधी?' विचारलं की 'उद्या'. एवढ्या भांडवलावर या माणसाने इस्त्रीचं दुकान उभा जन्म चालवलं.

कारण उरलेलं सगळं बोलायला काकू होत्या. काका वाफेच्या इस्त्रीमागे आणि काकू घड्या घालायच्या टेबलाशी. कुणाचा शर्ट, कुणाची चादर, कुठल्या डॉक्टरीणबाईंच्या कोटात पेन राहिलंय, कुणाचं लग्न मोडलं आणि कुणाचं मोडायला हवं होतं तरी टिकलं, सगळं काकूंना तोंडपाठ. माणसं कपडे द्यायला यायची आणि मन मोकळं करून जायची. काही जण तर धड चुरगळलेलेही नसलेले कपडे घेऊन यायचे. काकूंना ते कळायचं, पण त्या कधी कुणाला तसं जाणवू द्यायच्या नाहीत.

दुकानात आणखी एक जण होता. गाणं शिकवणाऱ्या एका बाईंनी गावाला जाताना एक कुंडी काकूंच्या हवाली केली होती. त्यात फिलोडेंड्रॉनचा वीतभर वेल, मोजून चार पानं, त्यातलं एक पिवळं. "आठ दिवसांत येते हं," असं म्हणून बाई गेल्या त्या गेल्याच. झाड राहिलं. काकूंनी त्याचं नाव ठेवलं पाहुणा, आणि पाहुण्याचं करायला त्या कधी चुकल्या नाहीत. मातीत बोट खुपसून बघायच्या, दोन पेरं कोरडी लागली तरच पाणी. एकदा काका आपण होऊन तांब्या घेऊन निघाले, तर केवढ्या कडाडल्या! "अहो, तहान नसताना पाजू नका. मुळं कुजतात त्याने. तुमचं प्रेम त्याच्या जिवावर उठेल."

पानं त्या ओल्या फडक्याने पुसायच्या, खालून तळहाताचा आधार देऊन, बाळाचं तोंड पुसावं तशी. उजेड मिळेल पण ऊन भाजणार नाही असा कोपरा शोधून त्यांनी त्याला काथ्या गुंडाळलेली काठी दिली. दुकानात दिवसभर वाफ. पाहुण्याला ती चांगलीच मानवली. तळहाताएवढी पानं ताटाएवढी झाली. खोडातून निघालेल्या तपकिरी मुळ्यांनी काठी सोडून भिंत धरली. नवं पान यायचं ते हिरव्या टोकदार म्यानात गुंडाळलेलं. म्यान फुटलं, की आतून तांबूस, चकाकतं, ओलसर पान हळूहळू सुटायचं. तो सोहळा दोन-तीन दिवस चाले, आणि तेवढे दिवस येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो बघावाच लागे.

मग काकू जिन्यात पडल्या.

घर दुकानासमोरच्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. कपड्यांचं बोचकं छातीशी धरून उतरत होत्या, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पाय चुकला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड सांधलं, वॉकर गेला, काठी आली. घरात त्या हिंडूफिरू लागल्या, स्वयंपाकाला लागल्या, पूर्वीसारखं काकांना बोलूही लागल्या. पण घराचं दार उघडून जिना दिसला की पाय जागच्या जागी थिजायचे.

"काकू, हाड कधीच बरं झालंय," शेजारच्या दारातली नर्स सांगायची. "आता उरलीय ती नुसती भीती. रोज एकेक पायरी उतरा, मी धरते."

"उतरेन गं. जरा ताकद येऊ दे."

ताकद काही येईना, आणि हिवाळा सरून उन्हाळा आला. लांब राहणारी मुलगी फोनवर विचारायची, "आई, खाली जाऊन आलीस का?" की काकू तिलाच विचारायच्या, "तुझ्याकडे पाणी वेळेवर येतं ना?" काका शेजारी बसून ऐकायचे. ही बाई आता या दोन खोल्यांतच संपणार, असं त्यांना वाटायला लागलं होतं. पण कुणाला सांगणार? ज्या माणसाजवळ सगळं सांगायचं, त्याचंच तर हे दुखणं.

घराची खिडकी मागच्या बाजूला, तिथून दुकान दिसत नाही. संध्याकाळी काका चपला काढतात न काढतात तोच आतून प्रश्न यायचा, "पाहुणा काय म्हणतोय?"

"बरा आहे," काका म्हणायचे. झालं. संपला संवाद.

रोज तोच प्रश्न, रोज तेच उत्तर. काकांना कधी कधी मनातून लागायचंही. दिवसभर एकटा उभा राहून आलोय, आणि विचारपूस कुणाची, तर झाडाची! मग एके दिवशी दुकानात कॉलरवर वाफ सोडता सोडता त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. हिला पाहुण्याची ओढ लागलीय. ही खाली येत नाही ना, मग पाहुणाच वर नेऊ. दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच, पण हे सांगणार कोण? तिथे दुसरं होतं कोण?

त्यांनी ओल्या फडक्याने भिंतीवरची एकेक मुळी सोडवली, एवढ्या अलवार हाताने, की रेशमावरचा डाग काढत असावेत. पानं जुन्या चादरीत सैलसर गुंडाळली आणि कुंडी पोटाशी धरून तिसरा मजला चढले. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता, तरी चेहऱ्यावर हसू.

काकूंनी दार उघडलं, आणि आधी पाहुण्याकडे न बघता काकांकडे बघितलं. "अहो, हे काय केलंत?"

"आणला," काका म्हणाले.

काकूंचे डोळे भरून आले. काकांना वाटलं, जिंकलं! त्या मात्र पदराला हात पुसत म्हणाल्या, "आणलात तर आणलात. या खिडकीपाशी ठेवा. नको, तिकडे दुपारचं भाजतं. इकडे."

पहिले काही दिवस बरे गेले. काकूंना उद्योग मिळाला. पण घर होतं गच्चीच्या खालीच, दुपारी हवा भाजून निघायची. पाहुण्याच्या पानांच्या कडा आधी तपकिरी झाल्या, मग कुरकुरीत. काकूंनी कुंडीखाली परातीत खडे मांडून पाणी ओतलं. दिवसातून दहादा पाण्याचा फवारा. शेवटी ओले टॉवेल त्याच्याभोवती वाळत घातले, तेव्हा नर्स दारातून डोकावून म्हणाली, "काकू, दुकान वर आणलंत की काय?" सगळं करून झालं. शेंड्याला एक नवं म्यान आलं होतं, ते काही उघडेना. आतलं पान अडकलं. टोकाला काळं पडायला लागलं.

काका रोपवाटिकेत गेले. तिथल्या माणसाने सगळं ऐकून घेतलं. "रोग नाही काही," तो म्हणाला. "या झाडाला हवेत ओल लागते. वाफेत वाढवलंत आणि कोरड्यात नेऊन कोंडलंत. होतं तिथे परत ठेवा, आपोआप सावरेल."

काकांनी घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं. काकूंनी काळ्या पडलेल्या म्यानावरून बोट फिरवलं.

"घेऊन जा त्याला," त्या म्हणाल्या.

"अगं, पण तुला..."

"इथे राहिला तर माझ्यासारखा होईल. न्या म्हणते ना!" आणि तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेल्या. आत भांड्यांचा आवाज येत होता. भांडी तर मघाशीच घासून झाली होती.

काकांनी कुंडी उचलली. चढताना जड वाटली नव्हती, उतरताना पायरीगणिक जड होत गेली. एक चांगलं करायला गेलो, आणि होतं तेही तिच्या हातून काढून घेतलं, असं त्यांना वाटत होतं. दुकानात जाऊन त्यांनी पाहुण्याला त्याच्या कोपऱ्यात ठेवलं, इस्त्री तापवली, आणि एकही कपडा न घेता नुसतीच वाफ सोडत उभे राहिले.

त्यानंतर संध्याकाळचा प्रश्न बंद झाला. काका चपला काढायचे, आत यायचे, जेवायचे. काकू वाढायच्या, पण पाहुण्याचं नावही काढायच्या नाहीत.

आणि एका सकाळी दुकान उघडलं, तर म्यान फुटलं होतं! दुपारपर्यंत पान सुटलं. शेंडा जरा करपलेला, बाकी धडधाकट, तांबूस, चकाकतं. काकांनी अर्धवट शर्ट तसाच टाकला, इस्त्री बंद केली आणि भरदुपारी जिना चढले. अवेळी दार वाजलं तशी काकू घाबरल्याच.

"काय झालं?"

"उघडलं," काका धापा टाकत म्हणाले. "पान."

"खरंच? कसं आहे?"

काकांनी दोन्ही हातांनी हवेत काहीतरी आकार काढला. "चांगलं आहे. पानासारखं."

"पानासारखं?" काकूंचा पारा चढला. "पान पानासारखंच असणार, चमच्यासारखं असेल का? रंग कसा? देठ तांबडा की हिरवा? काळं पडलं होतं तिथे फाटलं का? इतकी वर्षं शेजारी उभी राहिले, आणि एक वाक्य धड सांगता येत नाही या माणसाला! सरका बाजूला. मलाच बघू दे."

बोलून गेल्या, आणि मग आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. काकांनी दार पूर्ण उघडलं.

जिन्याच्या तोंडाशी पाय थिजले, अपेक्षेप्रमाणे. काकूंनी कठडा घट्ट धरला. मग खाली बसल्या. पहिल्या पायरीवर बसून दुसरीवर सरकल्या, रांगत्या पोरासारख्या. "हसू नका," त्या म्हणाल्या. लाजेने कान लाल झाले होते. "मला असंच जमेल."

कडककाका हसले नाहीत. चिमटीने कापडसुद्धा न उचलता ते धूळभरल्या पायरीवर बायकोच्या शेजारी बसले, आणि तिच्याबरोबर एकेक पायरी सरकत उतरू लागले.

खालून एक शेजारी भाजीची पिशवी घेऊन वर येत होता. तो चक्रावला. "काय हो काका, काही हरवलं का?"

"नाही. उतरतोय," काकांनी सांगितलं आणि त्याला जायला वाट दिली.

दुसऱ्या मजल्याचं वळण आलं. काकू थांबल्या. "नाही. इथे नाही जमायचं. वर न्या मला."

"थोडं थांबू," काका म्हणाले.

"थांबून काय होणार? न्या ना हो."

काकांनी तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. आणि मग या माणसाने बहुधा आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण केलं. "हे बघ, वर न्यायचं तर नेतो. पण तू नसलीस की दुकान मला खायला उठतं. लोक येतात, तुझं विचारतात, मला काय बोलावं सुचत नाही, मग जातात. मी इस्त्री करतो आणि घड्या घालायला त्या टेबलाकडे वळायची मला भीती वाटते. रोज येऊन 'बरा आहे' म्हणायचो, तो पाहुणा बरा होता. मी नव्हतो."

काकू त्यांच्याकडे वळल्या. "मग हे मला इतके दिवस सांगायला काय झालं होतं?"

"तू कधी विचारलंसच नाही. तू पाहुण्याचं विचारायचीस."

"अहो," काकू म्हणाल्या, "मी तुमचंच तर विचारत होते. सरळ विचारलं असतं, तर 'ठीक' म्हणाला असतात."

मग काकूंनी डोळे पुसले, कठडा धरला आणि खालच्या पायरीवर सरकल्या.

दुकानात आल्यावर काकांनी खुर्ची पुढे ओढली. काकू बसल्या, दम खाल्ला. नव्या पानाखाली तळहात धरून त्यांनी ते उजेडात फिरवून बघितलं. करपलेला शेंडा बोटाने चाचपला. मग मातीत बोट घातलं, मान हलवली. देठाच्या मागे काहीतरी दिसलं तशी पुढे वाकल्या.

"आणि हे काय?"

काकांना ते दिसलंच नव्हतं. देठाच्या बगलेत हिरवं, टोकदार, सुईएवढं दुसरं म्यान आलं होतं.

"हे कधी उघडेल?" त्यांनी विचारलं.

"वेळ आहे अजून. या उन्हाळ्यात रोज बघावं लागेल," काकू म्हणाल्या. त्यांनी टेबलावर साचलेल्या कपड्यांतला वरचा शर्ट पुढे ओढला आणि बाह्या जुळवून घडी घालायला लागल्या. "उद्या सकाळी जरा लवकर निघू या. मला उतरायला वेळ लागतो."