गहाळ झाली म्हणून लिहा

रविवार हा माझा साप्ताहिक सुट्टीचा दिवस, आणि तो मी वाशीच्या एका कॉलेजात घालवायचे. फौजदारी न्याय आणि लोकप्रशासन, दोन्ही मिळून एकच एम.ए. मी महापेकडच्या एका पोलीस ठाण्यात तक्रारी लिहून घेणारी हवालदार. ठाण्यातले चिडवायचे, "मॅडम, आता काय आयुक्त होता का?" होईन नाहीतर नाही होणार, तुमच्या बापाचं काय जातं, असं मनात म्हणत मी पुस्तकं पिशवीत भरायचे.

त्या रविवारी सरांनी विचारलं, गुन्हे कमी दिसतात तेव्हा ते कमी घडलेले असतात की कमी लिहिलेले? मी ताडकन उभी राहिले. "सर, आमच्याकडे आलेली प्रत्येक तक्रार जशीच्या तशी घेतली जाते." सगळा वर्ग वळून माझ्याकडे बघायला लागला. मला फार बरं वाटलं.

तिथून आईकडे गेले. आई खाडीकाठच्या गावात राहते, मासळी विकते. तिच्या मानेवर लाल वळ होता. सकाळी बाजारातून येताना बाईकवरच्या दोन पोरांनी तिची सोन्याची पोत खेचून नेली होती. बाबांनी केलेली, एवढीच राहिलेली. मला क्लास असतो म्हणून फोनसुद्धा केला नाही, एकटीच तिकडच्या ठाण्यात जाऊन आली होती. "लिवून घेतलाय त्यांनी," म्हणत तिने कागद पुढे केला. आईला सहीपुरतंच लिहिता-वाचता येतं.

कागदावर होतं, प्रवासात पोत कुठेतरी पडून गहाळ झाली, कोणावरही संशय नाही. खाली आईची वाकडीतिकडी सही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोरी लिहिली की तपास करावा लागतो, महिन्याच्या आकड्यात ती दिसते, वरून विचारणा होते. गहाळ लिहिलं की दाखला हातात देऊन मोकळे. पोत कोणी शोधत नाही. हे मला कॉलेजात जाऊन शिकायची गरज नव्हती. ते वाक्य, शब्दन् शब्द, मीच कितीदा लिहिलं होतं. लोकांचे फोन, पाकिटं, बायकांच्या चेनी. संताप त्यांचा येत होता आणि वाक्य माझं होतं.

आईला घेऊन तशीच त्या ठाण्यात गेले. टेबलामागचा अंमलदार मान वर न करता म्हणाला, "मावशींनाच नीट सांगता येईना हो."

"मग मानेवरचा वळ काय पोत गहाळ झाल्याने उठला?" माझा आवाज चढला. "गुन्हा दाखल करा."

"साहेब आले की बघू."

मी ओळखपत्र टेबलावर आपटलं. त्याने ते वाचलं आणि उठूनच उभा राहिला. "अहो मॅडम, आपल्यातल्या आहात, आधी सांगायचं ना." आतून खुर्ची आली, चहा आला. तासाभरात जबरी चोरीचा गुन्हा दाखल झाला. आईने तीच हकिकत सांगितली, सकाळचीच, आणि आता ती सगळ्यांना नीट कळली. मला त्या चहाची किळस आली.

बाहेर पडल्यावर आईने नव्या कागदाची घडी कमरेला खोचली. मग म्हणाली, "आन जिची पोर पोलिसात नाय, तिचा कागद कोन लिवतो गो?"

मी रिक्षाला हात केला. मी लिहिते, गहाळ झाली म्हणून, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही.