टेबलावरचं शहर

ताईचं बूड एका जागी टेकेल तर शपथ! त्या आठवड्यात तर तिच्या पायांना नुसती भिंगरी लागली होती. टेबलापाशी यायचं, चिमट्याने एखादं छप्पर सरळ करायचं, लांब जाऊन बघायचं, की तेच छप्पर पुन्हा वाकडं दिसायचं. संग्रहालयासाठी छोट्या प्रतिकृती करण्यात तिची निम्मी हयात गेलेली. जहाजं, पूल, धरणं, काय म्हणाल ते तिने टेबलावर उभं केलं होतं. पण हे शहर काही केल्या हातावेगळं होईना. कारण सरळ होतं. हे शहर तिच्या वडिलांनी जाळलं होतं.

म्हणजे एकट्या अप्पांनी नव्हे हो! विमानांचा ताफाच्या ताफा गेला होता. त्यातल्या एका विमानाच्या नाकाडात पालथं पडून नेम धरणारा पोरसवदा सैनिक म्हणजे अप्पा. शहर शत्रूचं. तिथे तोफांचा कारखाना होता आणि कारखान्याला खेटून वस्ती. त्या बॉम्बफेकीने युद्ध लवकर संपलं असं काही जण म्हणतात, ती निव्वळ कत्तल होती असं काही जण म्हणतात, आणि अप्पा काहीच म्हणत नसत. घरात या विषयावर अळीमिळी गुपचिळी. ताईने लहानपणी एकदा विचारलं होतं, "अप्पा, खाली माणसं होती का?" तर "वरून काही दिसत नाही," एवढं बोलून ते ताटावरून उठले होते.

आता संग्रहालयात त्याच मोहिमेचं नवं दालन उघडायचं होतं. संचालकबाई वाईट नव्हत्या, पण त्यांना सगळ्यांचीच मर्जी राखायची होती. एकीकडे जुन्या सैनिकांची संघटना, दुसरीकडे मेलेल्यांचे नातेवाईक. दोघांच्या मध्ये सापडून दालनातल्या पाटीचा मजकूर इतका घासला गेला की शेवटी उरलं काय, तर 'या मोहिमेबद्दल मतभेद आहेत.' अहो, मतभेद भाजीत मीठ किती यावर असतात!

त्यात बाईंच्या डोक्यात बटण आलं. विमानातलं खरंखुरं नेम धरायचं यंत्र शहराच्या वर बसवायचं, लोकांनी त्याला डोळा लावायचा, बटण दाबायचं, की शहराखालचे लाल दिवे लागतील. "लोक नुसतं बघून कंटाळतात हो," बाई म्हणाल्या. वायरमनने लगेच तारा ओढूनही टाकल्या.

ताई भडकली. "उद्या लोक रांगा लावून शहर जाळतील! हसत हसत!"

"दिवे आहेत हो ते."

"मग वस्तीत मी दोरीवर कपडे कशाला वाळत घातलेत?" नखाएवढे सदरे होते ते, तिने सुईने शिवलेले.

"त्याबद्दलही बोलायचंच होतं. तज्ज्ञांचं म्हणणं, इतक्या उंचीवरून कपडे दिसत नव्हते. काढा म्हणतात."

"कपडे निघणार नाहीत. आणि बटण राहिलं तर मी राहणार नाही!"

बाई जराही चिडल्या नाहीत. "असं करू. तुमच्या वडिलांनाच बोलवू. त्या यंत्रामागे ते स्वतः होते. ते म्हणतील तसं."

झालं! नको म्हणावं तर का नको ते सांगावं लागणार, आणि हो म्हणावं तर अप्पांना बटण आवडलं तर? मग उरलेला जन्म त्या माणसाला चहा कुठल्या तोंडाने द्यायचा? शहर जाळताना त्याला मजा वाटली असेल, हीच एक भीती तिने इतकी वर्षं पोटात ठेवली होती, कारण काही झालं तरी बाप होता तो तिचा.

अप्पा आले. काठी बाजूला ठेवली, यंत्राला डोळा लावला आणि बघता बघता त्यांची वाकलेली पाठ ताठ झाली. "डावीकडे... डावीकडे... जरा उजवीकडे... धर... धर..." आवाज भलत्याच कुणा तरण्या माणसाचा. अंगठा आपसूक बटणावर गेला. शहर लालभडक झालं.

"बसला!" अप्पा ओरडले.

चेहरा असा फुललेला, की ताईच्या लग्नातसुद्धा तो तसा फुलला नव्हता. वायरमनने तर टाळीच वाजवली. त्या घडीला ताईला बाप नकोसा झाला.

मग अप्पांनी मान वर केली आणि उघड्या डोळ्यांनी टेबलाकडे पाहिलं. दिवे एव्हाना विझले होते. एक बोट पुढे करून त्यांनी कपड्यांच्या दोरीला हलकेच लावून पाहिलं.

"विझलं कसं?"

"आपोआप, आजोबा," वायरमन कौतुकाने म्हणाला. "पुढच्या माणसासाठी."

"आमचं नाही विझलं." अप्पा बाकावर बसले. "परतताना विमानाच्या शेपटाकडच्या बंदुकीवरचा गडी सारखा सांगत होता, अजून दिसतंय, अजून दिसतंय. शेवटी मी त्याच्यावर खेकसलो, गप बस म्हणून."

"आणि मला सांगितलंत, काही दिसत नाही!" ताईचा आवाज फाटला.

"जाताना दिसत नाही. येतानाचं तू विचारलं नाहीस, पोरी."

मग अप्पा वायरमनला म्हणाले, "बटण राहू दे. विझायची सोय तेवढी काढून टाक."

"अहो, पण मग दुसऱ्या माणसाने दाबायचं काय?" संचालकबाई कळवळल्या.

"त्याने बघायचं."

बाईंनी वायरमनला मानेनेच 'काढ' अशी खूण केली. कपड्यांचा विषय कुणी पुन्हा काढला नाही.

दालन उघडलं त्या सकाळी अप्पा भिंतीकडेच्या बाकावर येऊन बसले होते. रांगेत पहिल्याच उभ्या असलेल्या एका हौशी बाईंनी नवऱ्याला मागे सारलं, डोळा लावला, बटण दाबलं. "अय्या, पेटलं की!" मग नवऱ्याने दाबून पाहिलं. काही नाही. बाईंनी पुन्हा दाबलं, थांबून पाहिलं, टेबलाखाली वाकून पाहिलं. लाल ते लालच. शेवटी ओशाळं हसत त्या बाकाकडे वळल्या.

"अहो आजोबा, हे बंद कुठून करायचं?"

"सापडलं तर मलाही सांगा हो," अप्पा म्हणाले.

बाई हसल्या. अप्पा हसले नाहीत, तेव्हा त्यांनी नवऱ्याचा हात धरला आणि दोघं पुन्हा टेबलाकडे बघू लागली.