होल्डरवाली वहिनी

गल्लीत तिला सगळे होल्डरवाली वहिनी म्हणत. एका कारखान्यात ती बल्बचे होल्डर जुळवायची. बिनवायरचे, मागे दोन पितळी पिना असलेले. पिना भिंतीतल्या सॉकेटात खुपसायच्या, पुढे बल्ब अडकवायचा, होल्डरवरचंच बटण दाबलं की उजेड. घरमालक जिथे खिळासुद्धा ठोकू देत नाही अशा भाड्याच्या खोल्यांत, जिन्याच्या वळणावर, शिंप्याच्या मशीनशेजारी ते हमखास दिसत. आतल्या स्प्रिंगा दाबून दाबून वहिनीच्या अंगठ्याला घट्टा पडला होता. "मी कुणाला अंगठा दाखवला तर तो पळूनच जाईल," असं म्हणून ती हसायची.

सासू अंथरुणाला खिळलेली. खोलीतल्या दिव्याचं बटण दाराशी, तिचा हात पोचणार कसा? म्हणून वहिनीने एक होल्डर आणून खाटेच्या उशाशी लावला, बारका बल्ब घालून. म्हातारी हरखली. दिवसातून कितीदा तरी उगीचच बटण दाबून बघायची.

कारखान्याच्या मालकाने त्या सुमारास काळं, उष्णता सोसणारं बॅकेलाइट बंद करून पांढरं, स्वस्तातलं प्लॅस्टिक आणलं होतं. वहिनीने फोरमनला विचारलंही होतं, "दादा, हे तापल्यावर मऊ नाही का पडणार?"

"तू स्प्रिंगा बसव," तो म्हणाला.

घरी आणलेला होल्डर पांढराच होता. बारक्या बल्बाने काय तापणार, अशी तिने मनाची समजूत घातली होती.

मग थंडी पडली. आई कुडकुडते म्हणून नवऱ्याने उशाशी शंभरचा बल्ब लावला. तेवढीच ऊब. दोघं कामावर गेली, बाहेरून कडी लावून. दुपारी होल्डर मऊ पडून वाकला आणि तापलेला बल्ब रजईवर टेकला. शेजाऱ्यांना धूर दिसून त्यांनी कडी काढली, तोवर म्हातारी गेली होती.

दिवस-कार्य उरकल्यावर वहिनीने तो वितळलेला गोळा मालकाच्या टेबलावर ठेवला.

"शंभरचा बल्ब लावायला कुणी सांगितलं होतं?" मालकाने विचारलं.

"लावू नका, असं तरी कुठे लिहिलंय?"

फोरमन खाली बघत राहिला. वहिनी पुन्हा त्या कारखान्याची पायरी चढली नाही. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात जाऊन मात्र तिने सांगितलं, "हे पांढरे विकू नका हो."

"लोक तेच मागतात, वहिनी," दुकानदार म्हणाला.

घरात या विषयावर नवरा-बायको एकदाच बोलली. जेवता जेवता तो म्हणाला, "बल्ब मी लावला."

"होल्डर मी आणला," ती म्हणाली.

ताटात तसंच टाकून तो उठला आणि आईच्या खोलीत जाऊन आडवा झाला. अजूनही तो तिथेच झोपतो. वहिनी आता एका औषध कंपनीत बाटल्यांना झाकणं लावते. कुणी बोललं तर बोलते. गल्लीत तिला हल्ली नुसतंच वहिनी म्हणतात.