आप्पा नेटवर आले

मी नेटवर आले आहे, हे मला आमच्या घरच्या फोनमुळं कळलं. न्हावऱ्याला, म्हणजे आमच्या गावी, घरी लँडलाइन होता आणि त्यावर अचानक कुठून कुठून पोरांचे फोन यायला लागले. ‘मैत्री करणार का?’ एकदा तर आईनंच उचलला. तिनं रिसीव्हर धाडकन आपटला.

तेव्हा मी शिरूरच्या कॉलेजात एस.वाय.ला होते. एका मैत्रिणीनं स्टँडजवळच्या सायबर कॅफेत नेऊन दाखवलं. मैत्री जमवायच्या एका साइटवर माझं नाव, माझा साडीतला फोटो, घरचा नंबर आणि खाली ‘बिनधास्त फोन करा’. त्याआधी मी त्या कॅफेची पायरीही चढले नव्हते.

फोटो कुठून गेला ते लगेच लक्षात आलं. गॅदरिंगचे फोटो स्टुडिओवाला बाहेरच्या काचेत लावायचा, प्रत्येकावर नंबर टाकून. नंबर सांगायचा, कॉपी घ्यायची. कुणाच्या फोटोची कॉपी कोण नेतंय, याच्याशी त्याला काय घेणं? साडी डे झाला की आम्ही सगळ्या पोरी त्या काचेत. कुणीही यावं, कुणालाही घेऊन जावं.

हे मी टाकलेलं नाही, असं वर्गात सांगून पाहिलं. अहो, शिकलेली पोरं ती, दिवसाआड कॅफेत बसणारी! ‘फोटो तुझाच हाय ना? नंबर तुझाच ना? मग?’ दहा जणांना पाठवला नाही तर वाईट होईल, असा मेल आला की हीच मंडळी निमूटपणे दहा जणांना पाठवायची. पण फसतात ती खेड्यातली अडाणी माणसं, आपण नाही, अशी त्यांची पक्की खात्री.

घरी आप्पांचा, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांचा, शब्द शेवटचा. ते म्हणाले, “नेटवर आली म्हंजी साऱ्या जगानं बघितली. बास झालं कॉलेज. मे महिन्यात लग्न उरकून टाकू.”

उरकून टाकू! माझं लग्न म्हणजे काय कांद्याची काढणी होती? वडील मान खाली घालून गप्प. माझं डोकंच फिरलं. “मी न्हाई टाकला तो फोटो!”

“तू न्हाई टाकला तर कुणी टाकला? उगंच कोण येतं व्हय नेटवर?”

शनिवारी वडील आणि आप्पा कांदा घेऊन शिरूरच्या मार्केट यार्डात निघाले. मी आधीच पिकअपमध्ये जाऊन बसले होते.

“उतर खाली,” आप्पा म्हणाले.

“न्हाई उतरत. माझं शिक्षण बंद करायचंय ना? आधी ते नेट डोळ्यांनी बघा, मग करा.”

वडिलांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. “येऊ द्या, दादा.”

माल उतरवून आम्ही कॅफेत गेलो. मी कॅफेवाल्याच्या कानात काय करायचं ते सांगितलं. आप्पांना कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि म्हटलं, “आप्पा, जरा हितं वर बघा.” वर कॅमेरा होता. टोपी, मिशा, कपाळावरच्या आठ्या, सगळं झकास आलं. मग मी सांगत गेले आणि तो टाकत गेला. आप्पांचं पूर्ण नाव. वय बावीस. लग्न झालेलं नाही. आवड, पोरींशी गप्पा. खाली आप्पांचा मोबाइल नंबर. त्यानं सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं, तशी शेजारच्या खुर्च्यांवरची आमच्या कॉलेजची पोरं फिदीफिदी हसायला लागली.

आप्पा लालेलाल. “ह्यो काय चावटपणा! पूस आधी!”

“फोटो तुमचाच हाय. नंबर तुमचाच. उगंच कोण येतं व्हय नेटवर?”

“आगं, पर मी न्हाई टाकला!”

“मीबी न्हाई टाकला, आप्पा. तुम्ही एकदा म्हणालात आन् ते लगेच खरं. मी आठवडाभर बोंबलतेय, मला कुणी विचारलं का?”

आप्पा उठले आणि बाहेर जाऊन उभे राहिले. त्यांचा फोटो मी पुसायला लावला. वडिलांनी कॅफेवाल्याला विचारलं, “आमच्या पोरीचंबी निघंल का?” साइटवाल्यांकडं तक्रार टाकतो, म्हणाला. गाडीत बसताना आप्पा माझ्याकडं न बघताच बोलले, “सोमवारी जा कॉलेजला.”

सोमवारी गेले, तर आप्पांची गंमत माझ्याआधीच वर्गात पोचली होती. सगळे हसत हसत भोवती आले. “अगं, आम्हाला पहिल्यापासूनच माहीत होतं, फेक हाय म्हणून.” सगळ्यांना! एकालाही म्हणे ते खरं वाटलं नव्हतं. आप्पा निदान खरं मानून माझ्याशी भांडले तरी होते.

“माहीत होतं?” मी म्हटलं. “मग माझं कॉलेज सुटत होतं तवा तुमच्या तोंडाला काय कुलूप लागलं होतं?”

अख्ख्या कॉलेजात आमच्या घरचा नंबर फक्त याच वर्गात ठाऊक होता. मी एकेकाच्या तोंडाकडं नीट बघितलं. मग पहिल्या बाकावर बॅग आपटली आणि बसले. तोंड ज्यांना लपवायचं त्यांनी लपवावं.